हॉस्पिटलमधून थेट केअर सेंटर: आईला हलवण्याआधी आणि हलवल्यानंतर

तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. आई ७९ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, गेली ७ वर्षं डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश). पडण्याआधी हाताला धरून चार पावलं टाकायच्या, भरवलं की जेवायच्या, बोलणं मोजक्या शब्दांवर आलेलं. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं, पुण्यातल्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, त्याला १८ दिवस झाले. आता नाकात नळी, लघवीसाठी कॅथेटर, आणि नाकातली नळी ओढतात म्हणून दोन्ही हात पलंगाला बांधलेले. डॉक्टरांनी परवा डिस्चार्ज सांगितलाय. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरी ८४ वर्षांचे वडील, त्यांना हृदयाचा त्रास, आणि ते म्हणतात "तिला घरीच आणायचं". भाऊ न्यू जर्सीत. तुम्ही विचारताय: थेट केअर सेंटरमध्ये न्यावं की आधी घरी? सेंटर कसं निवडावं? बाबांचं काय? आणि भावाने आत्ता यावं की नंतर?

मी वैद्यकीय समाजसेविका आहे. बरीच वर्षं हॉस्पिटलात पेशंट घरी पाठवण्याचं काम केलं, आता एका निवासी केंद्रात डिमेन्शियाचे पेशंट दाखल करून घेते. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर एक गोष्ट खात्रीने सांगते. ही हलवाहलव केंद्र वाईट निघालं म्हणून बिघडते त्यापेक्षा जास्त वेळा बिघडते ती पेशंट पोचतो आणि त्याच्याबद्दलची माहिती मागेच राहते म्हणून. अँब्युलन्समधून उतरतं ते एक न बोलणारं शरीर आणि तीन पानांची डिस्चार्ज समरी. त्या तीन पानांत हाडाचं सगळं असतं, माणसाचं काही नसतं. आई स्वतः काहीच सांगू शकत नाहीत, त्यामुळे ते सांगण्याचं काम तुमचं. खाली जे लिहितेय ते बहुतेक याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी थेट उत्तर: थेट केंद्रात न्या. पण परवा नको. डिस्चार्जची तारीख ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. "ज्या केंद्रात न्यायचंय तिथली तयारी आणि गिळण्याची तपासणी व्हायची आहे" असं कारण देऊन तीन-चार दिवस मागा, लेखी मागा, वॉर्डातल्या ज्युनिअर डॉक्टरांकडे नाही तर मुख्य डॉक्टरांकडे मागा. विमा असेल तर टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडे) कारण जायला हवं, म्हणून तेच कारण केसपेपरवर लिहायला सांगा. हे दिवस मिळाले तर पुढचे कितीतरी महिने सोपे जातात.

"आधी दोन दिवस घरी, मग बघू" हे ऐकायला बरं वाटतं, पण या अवस्थेतल्या माणसाला प्रत्येक हलवणं महाग पडतं. दोन दिवस घरी म्हणजे तीन मजले स्ट्रेचर वर, ब्युरोची नवी बाई, नवा पलंग, आणि मग तीन मजले पुन्हा खाली. बाबांना वाटतंय की घर दिसलं की ती सावरेल. पूर्वीच्या टप्प्यात तसं होतंही. पण इतक्या पुढच्या टप्प्यात बरेच पेशंट स्वतःच्याच पलंगावर पडून "घरी जायचं" म्हणत असतात. त्यांना हवी असते ती ओळखीची माणसं आणि दुखणं थांबणं. घरी उत्तम सांभाळणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. पण त्यांच्याकडे दिवस-रात्रीच्या दोन कसलेल्या बायका, घरी येणारा डॉक्टर आणि हातपाय धडधाकट असलेला एक घरचा माणूस होता. तुमच्याकडे यातलं काही नाही, आणि तो तुमचा दोष नाही.

आता त्या तीन-चार दिवसांत काय करायचं ते.

आज पलंगावर दिसतेय ती अवस्था म्हणजे सगळी डिमेन्शिया नाही. त्यावर डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक येणारा आणि ओसरू शकणारा गोंधळ, चढलेला असण्याची शक्यता फार मोठी आहे. ऑपरेशन, भूल, वेदना, लघवीचं इन्फेक्शन, साचलेला संडास, कमी झालेलं सोडियम, वॉर्डातले रात्रभर जळणारे दिवे, यातल्या कशानेही मेंदू आणखी गोंधळतो. हा गोंधळ ओसरायला आठवडे लागतात, कधी महिने. म्हणून डॉक्टरांनी "आता त्या अशाच राहणार" म्हटलं तरी ते आज ठरवू नका. त्यांना सांगा, "पडायच्या आधी आई धरून चालत होती आणि तोंडाने जेवत होती." हे वाक्य समरीत लिहून घ्या. नाहीतर केंद्रातली माणसं समजतात की ही बाई पहिल्यापासून नळीवर आणि अंथरुणावर आहे, आणि मग तिला उठवून बसवण्याचा प्रयत्नसुद्धा कोणी करत नाही.

हात बांधण्याबद्दल. ते कसं घडतं ते नीट समजून घ्या, म्हणजे सोडवता येईल. पेशंट झोपाळलेला असतो, नीट गिळत नाही, म्हणून नळी टाकतात. नळी टोचते, म्हणून तो ओढतो. ओढतो म्हणून हात बांधतात. हात बांधले की कोणीही आरडाओरडा करेल. ओरडतो म्हणून रात्री शांत करणारं इंजेक्शन, बऱ्याचदा हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन. इंजेक्शनमुळे दुसऱ्या दिवशी झोपाळलेला, म्हणून गिळत नाही, म्हणून नळी काढता येत नाही. हे चक्र तोडायची सुरुवात रात्रीच्या इंजेक्शनपासून करायची. डॉक्टरांना विचारा की ते कमी करता येईल का, आणि आई टक्क जाग्या असताना, पलंग उभा करून, कवळी लावून, गिळण्याची तपासणी करणाऱ्या स्पीच थेरपिस्टकडून तपासणी होईल का. कवळीचं मुद्दाम लिहिलं. ऑपरेशन थिएटरमध्ये जाताना कवळी, चष्मा, कानाचं मशीन काढून ठेवतात आणि ते कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये राहून जातं. आजच शोधा. ऐकू न येणारा, न दिसणारा, दात नसलेला माणूस आहे त्यापेक्षा दुप्पट गोंधळलेला दिसतो.

नळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. खूप पुढे गेलेल्या डिमेन्शियात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटीने २०१४ साली या पेशंटांसाठी नळीऐवजी काळजीपूर्वक हाताने भरवण्याचीच शिफारस केली आहे. आपल्याकडे नळी राहते, कारण नळीने २०० मिली पाच मिनिटांत जातं आणि भरवायला पाऊण तास लागतो. डिलिरियममुळे तात्पुरती टाकलेली नळी वेगळी, आणि ती कधी काढून पाहायची याची तारीख हवी. "काढून बघू, नाही जमलं तर परत ठरवू" असं डॉक्टर म्हणत असतील तर ते हॉस्पिटलात असतानाच होऊ द्या. केंद्रात गेल्यावर तो प्रयोग करायला सहसा कोणी धजत नाही. भरवताना पूर्ण बसवून, हनुवटी किंचित खाली, छोटा घास, गिळल्याचं गळ्याला दिसल्यावरच पुढचा. पातळ पाण्याने ठसका लागतो, पण खिमट, नाचणीची घट्ट पेज, मऊ वरणभात बऱ्याच जणांना जातो. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

कॅथेटरचंही तेच. तो कशासाठी ठेवलाय हे विचारा. "सोयीसाठी" असं उत्तर आलं तर डिस्चार्जच्या दोन दिवस आधी काढून लघवी होते का ते पाहायला सांगा.

औषधांच्या यादीत प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहून घ्या: कशासाठी आणि कधी बंद. खुब्याच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ करण्याचं औषध साधारण महिनाभर चालतं, त्याची शेवटची तारीख हवी. बेचैनीसाठी क्वेटायपिन, रिस्पेरिडॉन, हॅलोपेरिडॉल यांपैकी काही चालू असेल तर फेरतपासणीची तारीख हवीच. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिल्या दोन्हींच्या गटासाठी २००५ मध्ये आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांसाठी २००८ मध्येच दिला आहे. कधीकधी ती लागतात, पण हॉस्पिटलात आठ दिवसांसाठी सुरू झालेली गोळी दोन-दोन वर्षं चालू राहिलेली मी वारंवार पाहते, कारण बंद करा असं कोणी लिहिलेलंच नसतं. वेदनेसाठी काय आहे तेही बघा. आई "दुखतंय" म्हणू शकत नाहीत, म्हणून "लागलं तर द्या" अशी पॅरासिटामॉल त्यांना कधीच मिळणार नाही. ठरलेल्या वेळांना द्यायची असं लिहून घ्या. ट्रामाडॉल हे जास्त तीव्र वेदनाशामक असेल तर गोंधळ आणि बद्धकोष्ठ दोन्ही वाढू शकतात, हे डॉक्टरांशी बोला.

आणि निघण्याआधी कंबरेखालचा भाग, दोन्ही टाचा, घोटे यांचे फोटो काढा, तारखेसकट. बेडसोअर (पडून राहिल्याने होणारी जखम) कुठे सुरू झाला यावरून हॉस्पिटल आणि केंद्र एकमेकांकडे बोट दाखवतात आणि जखम तोवर वाढते. फोटो असला की वाद होत नाही, ड्रेसिंग सुरू होतं.

अवघड गोष्ट आता सांगते, कारण केंद्राची निवड तिच्यावर अवलंबून आहे. डिमेन्शियाच्या शेवटच्या टप्प्यात खुब्याचं हाड मोडणं हे फक्त हाडाचं दुखणं नसतं. २००० साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात न्यूयॉर्कमधला एक अभ्यास आला होता. त्यात अशा पेशंटांपैकी निम्म्याहून जास्त जण सहा महिन्यांत गेले होते. अभ्यास जुना आहे, परदेशातला आहे, आणि तुमच्या आई पडण्याआधी चालत होत्या हे त्यांच्या बाजूने आहे. त्या दोन वर्षंही काढतील. पण तुम्ही "सावरेपर्यंतची सोय" शोधत असाल तर ते चित्र बदला. हे कदाचित त्यांचं शेवटचं घर आहे, आणि त्यात तुम्ही आणि बाबा रोज असायला हवेत.

म्हणून माझी पहिली अट: अंतर. शहराबाहेर हिरवळीत, बंगलेवजा, स्वच्छ हवेची केंद्रं आहेत. फोटो बघून भावाला तीच आवडतील. पण ८४ वर्षांचे बाबा हायवेने तासभर प्रवास करून आठवड्यातून कितीदा जातील? घरापासून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवरचं साधं केंद्र त्या बंगल्यापेक्षा चांगलं. नावं मी सुचवत नाही, कारण एखादी चांगली मॅट्रन (मुख्य नर्स) सोडून गेली की तेच केंद्र सहा महिन्यांत ओळखू येत नाही. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९९२ पासूनची संस्था आहे, तिच्याकडे चौकशी करता येईल. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही सरकारी हेल्पलाइनही आहे. तिथून नावं घ्या, पण निवड पायांनी जाऊन करा.

जाताना वेळ घेऊन एकदा जा, न सांगता दुसऱ्यांदा जा. दुसऱ्यांदा संध्याकाळी सहा-साडेसहाला. दुपारी सगळी केंद्रं चांगली दिसतात. संध्याकाळी पेशंट बेचैन होतात, दिवसपाळी निघायच्या घाईत असते, आणि खरं तेव्हाच दिसतं. ऑफिसात बसू नका. अंथरुणावरच्या एखाद्या आजींपाशी उभं राहा. पाण्याचा पेला त्यांच्या हाताला लागेल असा आहे का? नखं कापलीत का? टाचांखाली उशी आहे का? कोणी भरवत असेल तर भरवणारी बसून भरवतेय की उभ्याने, आणि घास गिळेपर्यंत थांबतेय की चमचा ओठांवर टेकवून ठेवतेय? ओरडणाऱ्या माणसापाशी कोणी जातं का, की टीव्हीचा आवाज वाढवतात? लघवीचा थोडा वास कुठेही येणारच. फिनेलचा उग्र वास आणि सगळे पेशंट दुपारी चारला गाढ झोपलेले, या जोडीची मला जास्त भीती वाटते.

विचारायचं ते असं: रात्री दोन वाजता किती पेशंटांमागे किती माणसं जागी असतात? दिवसाचा आकडा निरुपयोगी आहे. नर्सचं शिक्षण झालेलं कोणी रात्री असतं का? डॉक्टर किती दिवसांनी येतात, आणि फोन केला तर येतात का? कुशी दर दोन तासांनी बदलल्याची नोंद कुठे आहे, दाखवा. नोंदवही आत्ताच्या वेळेपर्यंत भरलेली असेल तर ठीक, उद्या सकाळपर्यंतची आधीच भरून ठेवलेली असेल तर पाया पडून बाहेर या. हात बांधण्याचं धोरण काय? नळी काढून हाताने भरवायला ते तयार आहेत का? केंद्राची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे, हेही विचारा. सीसीटीव्ही आहे हे उत्तर कुठल्याच प्रश्नाला चालत नाही.

पैशांत सांगितलेला आकडा म्हणजे शेवटचा आकडा नसतो. डायपर दिवसाला चार धरले तर महिन्याला १२०, ते बहुधा वेगळे. औषधं, फिजिओथेरपी, ड्रेसिंगचं सामान, एअर मॅट्रेसचं भाडं, अँब्युलन्स, हे सगळं लिहून घ्या. डिपॉझिट परत कधी मिळतं आणि पेशंट हॉस्पिटलात असतानाच्या दिवसांचे पैसे लागतात का, हेही. आरोग्य विमा केंद्राचा खर्च देत नाही. सत्तरीच्या वरच्यांसाठी आयुष्मान भारतमधून ५ लाखांपर्यंत मिळणारं संरक्षणही हॉस्पिटलच्या उपचारांसाठीच आहे.

आता तो कागद. एका पानावर, मोठ्या अक्षरात, मराठीत. इंग्रजीत नको, कारण भरवणारी मावशी तो वाचणार आहे. त्यात आजारांची यादी नको, ती समरीत आहे. हे लिहा: त्यांना काय हाक मारायची. शिक्षिका होत्या म्हणताय, तर कदाचित त्या "आजी"ला नाही, "बाई" म्हटल्यावर वळून बघत असतील. कुठल्या कुशीवर झोपतात. चहा कसा, साखर किती. अंघोळीला विरोध करतात का, आणि तुम्ही घरी काय करायचा. दुखलं की चेहरा कसा होतो, कपाळाला आठ्या पडतात की हात झटकतात. कशाची भीती वाटते. कुठला आवाज आवडतो. लाजाळू आहेत का, पुरुष अटेंडंट चालेल का. आमच्याकडे एक आजोबा आले होते, समरीत "जेवायला नकार, नळी सुचवली आहे" असं लिहिलेलं. चमचा दिसला की तोंड घट्ट मिटायचे. त्यांच्या लेकीने सांगितलं की त्यांनी आयुष्यात चमच्याने जेवण केलंच नाही. भाकरी दुधात कुस्करून घास हाताने ओठाला लावला आणि तोंड उघडलं. ती नळी कधी पडली नाही. हे तिच्याशिवाय कोणाला माहीत असणार?

कागदाबरोबर ओळखीच्या वस्तू पाठवा, पण थोड्या: त्यांची नेहमीची गोधडी, न धुतलेली असली तरी चालेल, आणि तरुणपणातला एक फोटो पलंगाशी लावायला. फोटो आईंसाठी कमी आणि सांभाळणाऱ्यांसाठी जास्त आहे. वर्गात फळ्यापाशी उभी असलेली बाई ज्यांनी पाहिली ते तिला वेगळ्या हाताने कूस बदलवतात.

हलवण्याचा दिवस मंगळवार ते गुरुवारमधला ठेवा. शनिवारी संध्याकाळी पोचलेल्या पेशंटला सोमवारपर्यंत डॉक्टर दिसत नाही. सकाळी निघायचं. यात मोडता घालतं ते बिल. डिस्चार्जसाठी अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी असं विमा नियामकाने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंय, पण त्याआधी हॉस्पिटलची फाइल तयार व्हायलाच दुपार होते. म्हणून फाइल आदल्या दिवशी संध्याकाळी पाठवायला लावा. आणि तरीही सात वाजले, तर ती रात्र हॉस्पिटलातच काढा. रात्री नऊला नव्या जागी उतरवणं मी शक्यतो होऊ देत नाही. निघण्याआधी तासभर वेदनेची गोळी, डायपर कोरडा, झोपेचं औषध नाही. अँब्युलन्समध्ये तुम्ही बसा, हात हातात ठेवा. लांबलचक समजावणं नको. "मी आहे, आपण जातोय" एवढंच, पुन्हा पुन्हा, त्याच आवाजात. २४ तासांत ताप आला असेल किंवा श्वास भरभर चालला असेल तर निघूच नका.

काही केंद्रं सांगतात की पहिले पंधरा दिवस घरच्यांनी येऊ नका, म्हणजे पेशंट रुळतो. इतक्या पुढच्या अवस्थेत मला हे मान्य नाही. तुम्ही रोज जा, एका जेवणाच्या वेळेला जा, आणि तो घास तुम्ही भरवा. त्यातून मावशींना कळतं की कसं भरवायचं, आणि तुम्हाला कळतं की किती जातंय. पहिल्या पंधरवड्यात लक्ष ठेवा ते टाचांवर, लघवीच्या रंगावर, संडास किती दिवसांनी होतो त्यावर, आणि झोपेवर. अचानक खूप शांत, सुस्त झाल्या तर "रुळल्या" असं समजू नका. डिलिरियम असाही येतो, आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही कारण त्रास देत नाही. डॉक्टरांना बोलवा. तक्रार असेल तर मावशीवर ओरडू नका, मॅट्रनशी बोला. आणि मावशीने केलेलं चांगलं काही दिसलं की ते तिला तिथल्या तिथे सांगा. तुमच्या पाठीमागे बावीस-तेवीस तास आईंना तीच आहे.

बाबांबद्दल. ७ वर्षं त्यांनी सांभाळलंय. "घरीच आणायचं" या वाक्यामागे बहुतेक वेळा बायकोला कधीतरी दिलेला शब्द असतो. त्यांच्याशी वाद घालून तो सुटणार नाही. "तुम्हाला जमणार नाही" असं तर म्हणूच नका. त्यांना हॉस्पिटलच्या डॉक्टरांसमोर बसवा आणि डॉक्टरांना सांगू द्या की कूस बदलायला दोन माणसं लागतात, रात्रीही. मग केंद्र बघायला त्यांना घेऊन जा, ठरल्यानंतर नव्हे, ठरण्याआधी. आणि तिथलं एक काम पूर्ण त्यांचं करून टाका. संध्याकाळचा चहा आईंना तेच पाजतील, असं मॅट्रनला सांगून ठेवा. आणखी एक: सांभाळणारा माणूस मोकळा झाला की स्वतः आजारी पडतो. पहिल्याच महिन्यात बाबांची हृदयाची तपासणी करून घ्या, आणि रात्री ते एकटे राहणार नाहीत हे बघा. नातेवाईक "आश्रमात ठेवलं" म्हणतील. त्यातल्या प्रत्येकाला आठवड्यातला एक वार द्या, केंद्रात येऊन बसायला. येतील त्यांचं म्हणणं ऐका.

कागदपत्रांची एक गैरसमजूत दूर करते. आईंची सही किंवा अंगठा घेऊन मुखत्यारपत्र करावं, असं कोणीतरी सुचवेलच. ज्याला व्यवहार कळत नाही त्याचं मुखत्यारपत्र टिकत नाही, आणि आधी केलेलं असेल तरी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारा माणूस भानावर राहिला नाही की मुखत्यारी संपते. काही ठरावीक अपंगत्वांसाठी पालक नेमण्याची सोय देणाऱ्या १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यातही डिमेन्शिया बसत नाही. घर किंवा मोठी ठेव यांचे व्यवहार करावेच लागणार असतील तर वकिलाकरवी मुंबई उच्च न्यायालयात पालक नेमण्यासाठी अर्ज करणं हा मार्ग आहे, आणि त्याला वेळ लागतो. तूर्त पेन्शनचं खातं संयुक्त आहे का बघा, आणि नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेला आत्ताच पत्र द्या. सत्तरीच्या वरच्यांना घरपोच बँकसेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सांगितलेलं आहे. पत्रात ते लिहा.

केंद्राशी करार करताना एका माणसाचं नाव निर्णयासाठी द्या. तुमचंच. पुण्यात तुम्ही आहात. भाऊ, बाबा, तुम्ही असं तिघांचं दिलं तर रात्री दोनला केंद्र तिघांना फोन लावत बसतं. आणि न्यूमोनिया झाला तर पुन्हा आयसीयूत न्यायचं का, हे त्या रात्री नाही, आत्ता, तिघांनी बसून बोला. माझ्या मते या टप्प्यात प्रत्येक तापाला आयसीयू हे उत्तर नाही. केंद्रातच ऑक्सिजन, वेदनाशामक, ओल्या कापसाने ओठ पुसणं आणि घरचं माणूस जवळ, हेही उपचारच आहेत. पण हे डॉक्टरांशी बोलून फाइलवर लिहिलेलं हवं.

केंद्रात मृत्यू झाला तर दाखला कोण देणार, हे दाखल करतानाच विचारा. हे विचारायला जीभ रेटत नाही, तरी विचारा. हॉस्पिटलबाहेरच्या मृत्यूसाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना चार-अ नमुन्यात कारण लिहून द्यावं लागतं. केंद्राला असा बांधलेला डॉक्टर नसेल तर घाबरून हॉस्पिटलात नेतात, तिथे "आणण्यापूर्वीच मृत" अशी नोंद होते, आणि पोलीस, पोस्टमॉर्टेम सुरू होतं. ७ वर्षं आजारी असलेल्या माणसाच्या बाबतीत हे टाळता येतं, फक्त आधी विचारायला हवं.

राहिला भाऊ. डिस्चार्जच्या गडबडीत आठ दिवस येऊन जाण्यापेक्षा त्यांनी तीन आठवड्यांनी यावं आणि जास्त दिवस राहावं. तोवर आईंचा गोंधळ थोडा ओसरला असेल, केंद्रातली माणसं ओळखीची झाली असतील, आणि तुम्हालाही विसाव्याची खरी गरज तेव्हाच भासेल. आत्ता त्यांनी पैशांची बाजू आणि बाबांना रोज ठरलेल्या वेळी फोन, एवढं पूर्ण अंगावर घ्यावं. पण या तीन-चार दिवसांत ताप आला, किंवा तपासणीत घास अजिबात गिळता येत नाही असं कळलं, तर त्यांना लगेच निघायला सांगा.